गेरूतला कल

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणी आटोपली की आमच्या घरी गेरू कालवला जाई. अकोल्यापासून फार लांब नसलेले, पूर्णेच्या काठचे आमचे गाव. आई जर्मनच्या एका पोचे पडलेल्या गंजात गेरूचे खडे भिजत घाली आणि सकाळपर्यंत त्यांचा दाट, तांबडा, मातीचा वास असलेला रंग तयार होई. त्याचे ठिपके बैलांच्या अंगावर उठत. उरलेला तुळशीच्या ओट्याला, भिंतीच्या खालच्या पट्ट्याला, आणि त्याहूनही उरला तर आमच्या कपड्यांना. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला तांबडा रंग पहिल्यांदा भेटतो तो गेरूच्या रूपाने. गुलाल, कुंकू, शेंदूर ही मंडळी नंतरची.

सातवीत असताना मला कुठून तरी एका मोडक्या रेडिओच्या स्पीकरचे चुंबक मिळाले. ते दोऱ्याला बांधून नदीच्या वाळूतून ओढत न्यायचे आणि त्याला चिकटलेली काळी बारीक रेती काडेपेटीत भरायची, हा त्या वर्षीचा उद्योग होता. ती रेती म्हणजे काळ्या खडकातून झिजून आलेले मॅग्नेटाइटचे कण, हे नाव अर्थातच माहीत नव्हते. त्याच सुमारास विज्ञानाच्या गुरुजींनी वर्गात सांगितले, की गेरूत लोखंड असते. घरी येऊन मी चुंबक गेरूच्या खड्याला लावले. काहीच झाले नाही. भुकटी करून लावले, तरी नाही. दुसऱ्या दिवशी हात वर करून म्हणालो, "गुरुजी, मले वाटते गेरूत लोखंड नाई. चुंबक चिकटत नाई."

गुरुजी हसले. "तुझा गेरू अशुद्ध असेल," म्हणाले, "आणि 'मले' नव्हे, 'मला'. आधी भाषा शुद्ध कर, मग लोखंडाचं बघू." वर्ग खदखदून हसला. गुरुजी काही दुष्ट गृहस्थ नव्हते. त्या काळच्या शाळेत अशा उत्तराला विनोद म्हणत. पण विज्ञानाच्या तासाला मी त्यानंतर हात वर केल्याचे आठवत नाही. भाषा मात्र शुद्ध केली. इतकी, की पुढे मराठी घेऊन एम.ए. झालो, अमरावतीस अध्यापक झालो आणि तांबड्या शाईचे पेन माझ्याच हातात आले. गेली वीस वर्षे मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतील 'मले-तुले'खाली रेघा ओढीत आलो आहे.

गेरूचा प्रश्न तसाच राहिला होता. तो पुन्हा निघाला माझ्या भाचीमुळे. ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत होती आणि आमच्याकडेच राहत असे. एका रात्री जेवताना सहज विचारले, की प्रकल्प कशावर आहे.

"गेरूवर, मामा."

"गेरूवर? भौतिकशास्त्रात?"

"हाव. हेमेटाइट म्हणतात त्याले. लोखंड अन् ऑक्सिजन. पण बाजारातला गेरू चालत नाई, त्यात निम्मी मातीच राहते. आमी लॅबमधी शुद्ध बनवला."

मी ताट बाजूला सारून तिला स्पीकरच्या चुंबकाची गोष्ट सांगितली. गुरुजींचे दुसरे वाक्य वगळले. ती म्हणाली, "तुमचा गेरू अशुद्ध असन, पण चिकटत नव्हता तो त्याच्यामुळं नाई. शुद्ध असता तरी तुमच्या त्या चुंबकाले चिकटला नसता."

त्या रात्री आणि नंतरच्या अनेक रात्री तिने मला जे समजावून दिले, ते माझ्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. चुका असल्या तर माझ्या.

लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतः एक लहानसे चुंबक असतो. हे चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या 'स्पिन'मधून येते. पारिभाषिक मराठीत त्याला परिवलन म्हणतात, जरी तिथे भोवऱ्यासारखे खरोखर काही फिरत नसते. लोखंडाच्या तुकड्यात हे अणू एका दिशेने तोंडे करून उभे राहू शकतात, म्हणून त्याचे चुंबक होते. हेमेटाइटमध्ये लोखंडाचे अणू थरांनी बसलेले असतात. एका थरातील सगळे एकीकडे तोंड करून, तर शेजारच्या थरातील नेमके उलट. बेरीज शून्य. अशा रचनेला प्रतिलोहचुंबकीय म्हणतात. लुई नेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात तिचा सिद्धांत मांडला आणि १९७० साली त्यांना नोबेल मिळाले. नोबेलच्या व्याख्यानात त्यांनी स्वतःच म्हटले होते, की हे पदार्थ सिद्धांताच्या दृष्टीने फार मनोरंजक आहेत, पण त्यांचा उपयोग काही दिसत नाही.

इथवर सरळ आहे. गंमत पुढे आहे. हेमेटाइटची बेरीज शून्य येत नाही. मॅग्नेटाइटच्या मानाने सुमारे दोनशेवा हिस्सा का होईना, चुंबकत्व उरते. टी. टी. स्मिथ यांनी १९१६ सालीच हेमेटाइटच्या स्फटिकांवर ते मोजले होते. मग ते येते कुठून? कित्येक वर्षे याचा एक सोयीचा खुलासा प्रचलित होता: अशुद्धता. नमुन्यात कुठेतरी मॅग्नेटाइटचे कण मिसळलेले असतील, स्फटिकात दोष असतील, आणि हे चुंबकत्व त्या भेसळीचे असेल.

हे ऐकताना मी थांबलो. गुरुजी एकटे नव्हते तर! चुंबक चिकटले नाही तर अशुद्धता, आणि थोडेसे चिकटले तरी अशुद्धताच.

हा खुलासा हळूहळू डळमळीत होत गेला. एफ. जे. मोरिन यांनी १९५० मध्ये दाखवून दिले, की सुमारे उणे १३ अंश सेल्सियसच्या खाली हेमेटाइटचे हे उरलेले चुंबकत्व नाहीसे होते आणि तापमान वाढले की परत येते. मिसळलेली भेसळ अशी ठरल्या तापमानाला येत-जात नाही. (हा प्रयोग आमच्याकडे नैसर्गिकरीत्या होणे नाही. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जातो, हिवाळ्यातही शून्याच्या जवळपास फिरकत नाही. वऱ्हाडातला गेरू बारमाही चुंबकीय आहे.) पुढे १९५६ मध्ये मॉस्कोत बोरोविक-रोमानोव आणि ओर्लोवा यांना मँगनीज आणि कोबाल्ट यांच्या, प्रयोगशाळेत तयार केलेल्या अगदी शुद्ध कार्बोनेटांमध्येही तसलेच चुंबकत्व आढळले. जिथे भेसळच नव्हती तिथे भेसळीला दोष देणार कसा?

उत्तर मॉस्कोतच मिळाले. इगोर झ्यालोशिन्स्की हा तेव्हा ऐन पंचविशीतला तरुण होता. भाचीने त्याच्या युक्तिवादाची रीत सांगितली तेव्हा मला व्याकरणकारांची आठवण झाली. कोणते बल, किती बल, हे त्याने आधी विचारलेच नाही. त्याने स्फटिकाची सममिती तपासली आणि विचारले: या रचनेच्या नियमांत समोरासमोरच्या चुंबकांना किंचित कलायला मनाई आहे काय? हेमेटाइटमध्ये मनाई नाही. आणि निसर्गात ज्याला मनाई नसते ते सहसा घडतेच. क्रोमियमच्या ऑक्साइडचा सांगाडा अगदी हेमेटाइटसारखा आहे (माणिक आणि नीलम यांचाही तोच), पण त्यात उलट-सुलट चुंबकांचा क्रम वेगळा, आणि त्या क्रमात कलण्याला मनाई आहे. म्हणून तिथे काही उरत नाही. मोरिनच्या तापमानाखाली हेमेटाइटमधले अणू आपली दिशा काटकोनात बदलतात. त्या नव्या दिशेतही मनाई येते, म्हणून चुंबकत्व जाते.

पुढे १९६० मध्ये जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोरू मोरिया यांनी बल कुठून येते ते सांगितले. इलेक्ट्रॉनाचे परिवलन आणि अणुकेंद्राभोवतीचे त्याचे भ्रमण या दोन गोष्टी पूर्णपणे सुट्या नसतात. एकीची दुसरीला ओढ लागते. लोखंडाच्या दोन अणूंच्या मध्ये ऑक्सिजन असतो आणि त्यांचे चुंबकीय बोलणे त्याच्या मध्यस्थीने चालते. हा मध्यस्थ जर नेमक्या सममित जागी नसला, तर त्या बोलण्यात एक पीळ येतो. समोरासमोर उभे राहण्याची सक्ती फार मोठी आणि हा पीळ फार लहान, त्यामुळे तडजोड होते ती अंशाच्या एका दशांशाहूनही कमी कोनाची. गेरूचे सारे चुंबकत्व तेवढ्या कलण्याचे.

आता मी मराठीचा मास्तर. उपमा सुचली नाही तर जेवण पचत नाही. मी म्हणालो, "दिंडीतल्या टाळकऱ्यांसारखं आहे हे. दोन रांगा एकमेकींकडे तोंड करून उभ्या. पण दोन्ही रांगांतला प्रत्येक जण मान जराशी पुढे, विठ्ठलाच्या बाजूला वळवतो. समोरासमोरचं बघणं एकमेकांना छेदतं, पुढचं तेवढं उरतं."

तिला उपमा आवडली. उरलेले चुंबकत्व दोन्ही रांगांच्या काटकोनात असते, हे तिच्यामुळे चटकन कळते, असे ती म्हणाली. पण लगेच तिने ती उसवायला घेतली.

"पन मामा, समोर विठ्ठल नाई ना. बाहेरून कोनी बोलवत नाई त्यांले. ते कलतात ते पायाखालच्या फरशीमुळं. फरशीच तशी बसवेल हाये. अन् या दोन रांगांनी जागा बदलल्या, तर सगळ्यांच्या माना उलट्या बाजूले वळतीन."

"म्हणजे मूळ रांग सरळ, आणि फरशीने तिला बिघडवली."

"नाई!" ती जवळजवळ ओरडलीच. "बिघाड नाई तो. तुमी सरळले खरं समजता अन् कललेल्याले बिघडलेलं. या फरशीवर कललेलीच रांग बरोबर हाये. सरळ उभी राहिली तर ते चूक."

मी काही बोललो नाही. वीस वर्षांच्या अध्यापनात ज्याला मी 'प्रमाणापासून ढळणे' म्हणत आलो, त्याची मला आठवण होत होती. उपमेवर फार विसंबू नये हे मला कळते. अणूंच्या वागण्यावरून भाषेचे न्याय काढणे हा आमच्या लोकांचा जुना आजार आहे. पण एक उदाहरण काही केल्या डोक्यातून जाईना. वऱ्हाडीत आम्ही 'ये' म्हणतो आणि 'येजो'ही म्हणतो. 'ये' म्हणजे आत्ता. 'येजो' म्हणजे पुढे केव्हातरी, पण नक्की. 'पायजो', 'सांगजो', 'करजो': भविष्यातल्या आज्ञेचे स्वतंत्र रूप, नियमाने चालणारे. प्रमाण मराठीत ही छटा दाखवायला शब्द जोडावे लागतात. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीवरील खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद बोली म्हणून आहे, चुकांची यादी म्हणून नाही. आणि ज्या रिद्धपुरात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले, ते अमरावतीहून एका सकाळीत जाऊन येण्याइतके जवळ आहे. हे सगळे मी वर्गात शिकवतो. शिकवून झाल्यावर उत्तरपत्रिका तपासायला घेतो.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघे चिखलदऱ्याला गेलो होतो. घाट चढताना तिने गाडी थांबवायला लावली. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये विटकरी तांबड्या मातीचा एक पट्टा होता. लाव्ह्याचा एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ लोटला, वरचा भाग कुजून माती झाली, तिच्यातले लोखंड हेमेटाइट झाले, मग वरून नवा लाव्हा आला. भूशास्त्रज्ञ त्याला रेड बोल म्हणतात. आपण गेरवाच म्हणायचे. थराची जाडी हातभरही नसेल. बाजूने दिवसभर लोक जातात, मीही शेकडो वेळा गेलो होतो.

"यात त्या वेळची दिशा राहते," ती म्हणाली. काळा खडक निवताना त्यातले चुंबकीय कण पृथ्वीच्या त्या वेळच्या क्षेत्राप्रमाणे लागून जातात आणि तसेच राहतात. हे वाचण्याचे शास्त्र आहे. लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या खडकांवरची मोजमापे प्रसिद्ध केली. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे आदींनी हे काम चालवले. त्यातून निघाले ते असे, की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला गेला तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे ३० अंशांवर होता; आणि या खडकांच्या मोठ्या भागात उत्तर-दक्षिण आजच्या उलट नोंदलेली आहे. काळ्या खडकात ही नोंद प्रामुख्याने मॅग्नेटाइटच्या जातीच्या कणांची. मॅग्नेटाइट बलवान, पण बाहेरच्या क्षेत्रापुढे तुलनेने लवकर वळणारे. हेमेटाइट दुर्बल, आणि अतिशय हट्टी. एकदा लागलेली दिशा ते सहसा सोडत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये आश्ना बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेमेटाइटच्या जातीच्या अशा दुर्बल चुंबकांचा अभ्यास केला. बाहेरचे क्षेत्र काढून घेतल्यावर मागे राहणारे चुंबकत्व किती चिवटपणे टिकते, हे त्यांच्या २०१७ सालच्या शोधनिबंधात आहे. भाचीच्या प्रकल्पाचा धागा तिथूनच निघाला होता.

या प्रकरणाच्या पुढच्या शाखा मला अर्ध्याच कळल्या. लोखंड हलके, म्हणून त्यात परिवलन आणि भ्रमण यांची ओढ क्षीण. अणू जड होत जातो तशी ती झपाट्याने वाढते. इरिडियमसारख्या जड धातूच्या ऑक्साइडांत ती इतकी प्रबळ होते, की तिला किरकोळ दुरुस्ती समजून चालत नाही. सारी मांडणी तिच्यापासूनच सुरू करावी लागते. स्ट्रॉन्शियम आणि इरिडियम यांच्या एका ऑक्साइडवर बी. जे. किम आणि सहकाऱ्यांनी २००८-०९ मध्ये हे दाखवले. तिथे कल अंशाचा अंश नसून चांगला अकरा-बारा अंशांचा असतो. त्याआधी, २००२ मध्ये, टाटा संस्थेतल्या संपतकुमारन यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम, तांबे आणि इरिडियम यांच्या ऑक्साइडचा एकसंध स्फटिक घेऊन दाखवले होते, की स्फटिक एकच असला तरी त्यातले चुंबकत्व सर्वत्र एकसारखे असेलच असे नाही. आणि २०२२ पासून 'अल्टरमॅग्नेट' नावाची नवीच जात चर्चेत आहे: बेरीज शून्य असूनही जिच्यातले इलेक्ट्रॉन काही बाबतींत चुंबकातल्यासारखे वागतात. तिच्या संभाव्य उमेदवारांत हेमेटाइटचेही नाव घेतले जाते. नेल यांना ज्यांचा उपयोग दिसला नव्हता, त्या पदार्थांत माहिती साठवण्याची स्वप्ने आता पाहिली जातात.

फेब्रुवारीच्या २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन. आमच्या महाविद्यालयात हे दोन्ही दिवस एकमेकांकडे पाठ करून साजरे होतात. त्या वर्षी मी विभागापुढे सुचवले, की २७ ला विज्ञानावरचे एक व्याख्यान मराठीत ठेवावे, आणि भाचीला बोलावले. तिने पंधरा पाने लिहून आणली. "शुद्ध करून द्या, मामा," म्हणाली आणि झोपायला गेली.

मी तांबडे पेन घेऊन बसलो. पहिल्या पानावर 'नाई'चे 'नाही' केले, 'हाये'चे 'आहे' केले, 'पन'चे 'पण'. दुसऱ्या पानावरही. चौथ्या पानावर वाक्य होते: 'तुमी फक्त लोखंडाले पायजान तर काहीच दिसनार नाई, मधातल्या ऑक्सिजनले पायजा.' मी 'पायजा' खोडून 'पहा' लिहिले. वाक्य वाचले. 'पहा' म्हणजे आत्ता पहा. तिला म्हणायचे होते: पुढे, स्वतःहून, कधीही असा पदार्थ समोर आला, की पहा. माझ्या 'पहा'त ते नव्हते. बराच वेळ त्या शब्दावर बसलो. मग खोडलेल्या शब्दाखाली, खोडणे रद्द झाल्याच्या खुणेचे ठिपके दिले. तिथून पुढची अकरा पाने फक्त वाचली. पहिल्या तीन पानांवरची शाई मात्र परत घेता येईना. ती पाने मी रात्रीच, तिच्या मूळ शब्दांनी, स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून काढली.

व्याख्यानाला शंभरेक मुले होती. बरीचशी हजेरीसाठी आलेली. ती तिच्या बोलीत बोलली. पहिल्या पाच मिनिटांत मागच्या बाकांवर थोडे हसू झाले. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठांनी माझ्याकडे पाहिले. मी समोर पाहत राहिलो. दिंडीची उपमा तिने घेतली होती, आणि 'समोर विठ्ठल नाई' हेही सांगितले. शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा कुणी उठेना. मग मागून एक मुलगा उभा राहिला. गावाकडून रोज एस.टी.ने येणाऱ्यांपैकी असावा.

"मॅडम, मंग थो चुंबक गेरूले चिकटते का नाई?"

तिने पिशवीतून एक कागदाची पुडी काढली. प्रयोगशाळेतली शुद्ध भुकटी होती ती, बाजारच्या गेरूहून गडद. टेबलावर कागद पसरून तिने चिमूटभर ठेवली आणि नखाएवढे नव्या जातीचे शक्तिमान चुंबक हळूहळू जवळ नेले. मुलगा बाकांमधून पुढे आला. त्याच्यामागे आणखी पाच-सहा. मीही उठलो. भुकटीची कड जराशी उभी राहिली, काही कण कागदावरून सरकले आणि चुंबकाच्या टोकाला तांबडा, पुसटसा लेप बसला.

"दिसलं?" तिने विचारले.

"हाव," तो म्हणाला, "पन लई थोडं."

"थोडंच राहते थे," ती म्हणाली, आणि चुंबक त्याच्या हातात दिले.